घारपुरेकाका आणि डावीकडची खुर्ची

ऐन फेब्रुवारीत घारपुरेकाकांचा घर गरम करणारा बॉयलर बंद पडला आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. बॉयलरला हातही लावू न देता. त्याचा दोष इतकाच, की काकांनी त्याला विचारलं, "हे काम तुम्ही कुणाकडून शिकलात?" आणि तो बिचारा खरं बोलला. म्हणाला, "थोडं कॉलेजात, बाकीचं व्हिडिओ बघून." दुसरा माणूस मिळेपर्यंत काका घरात दोन स्वेटर आणि कानटोपी घालून बसले होते. मी चरफडत आमचा हीटर घेऊन गेले, तर म्हणाले, "वाईट माणूस नव्हता गं मीनल. पण त्याच्यामागे कोणीच नव्हतं."

काका इंग्लंडात, वॉटफर्डला, आमच्या शेजारच्या घरात एकटे राहतात. सत्तरी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, अंगकाठी मिटलेल्या छत्रीसारखी. तरुणपणी नागपूरहून इंजिनिअरिंगचं पुढचं शिकायला आले ते इथलेच झाले. त्यांच्या वयाची इथली मंडळी भेटली की घरांच्या किमती आणि गुडघ्यांची ऑपरेशनं काढतात. काका एकच विचारतात, "कुणाकडून?" मग समोर न्हावी असो, दाताचा डॉक्टर असो, नाहीतर मंडळाच्या गणपतीची पूजा सांगणारे गुरुजी असोत. हे गुरुजी एरवी मेडनहेडला एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितात आणि सणासुदीला सोवळं नेसतात. त्यांना काकांनी भर पूजेत गुरुपरंपरा विचारली. गुरुजी पुढचा मंत्र विसरले.

त्याच गणपतीत एका बाईंनी उकडीचे मोदक आणले होते. "कुणाकडून?" काकांनी विचारलं. "सासूबाईंकडून." "आणि त्या?" "त्यांच्या आईकडून." काकांनी डोळे मिटून मोदक तोंडात टाकला. दुसऱ्या एकीने सांगितलं, रील बघून केले. काकांनी तेही खाल्ले, आणखी एक मागून घेतला, आणि गाडीत बसल्यावर हळूच म्हणाले, "चव उत्तम. पण अनौरस."

मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात."

"ऋषी असला तर नाहीच विचारणार," काका म्हणाले. "पण तो ऋषी आहे की नाही, हे कळणार कसं? म्हणून विचारतो."

मी पोटासाठी घरांच्या खरेदी-विक्रीचे कागद तपासते. मालकी कुणाकडून कुणाकडे आली, हे बघण्यातच माझा दिवस जातो. पण ऑफिस सुटलं की मी सुटते. काका कधीच सुटत नाहीत.

या सगळ्या रोगाचं मूळ एका तलवारीत आहे. काका जपानी तलवारीची एक जुनी विद्या शिकवतात. त्यात मारामारी नाही, स्पर्धा नाही. गुडघ्यांवर बसायचं, म्यानातून तलवार काढायची, समोर नसलेल्या शत्रूला कापायचं आणि तलवार परत म्यानात घालायची. अशा ठरलेल्या हालचालींना काता म्हणतात. आपल्या गाण्यात घराणी असतात तशी यातही आहेत, आणि भांडणंही तशीच. खरी गादी कोणाची, मूळ चीज कोणाकडे, कोणी काय बदललं. काकांच्या घराण्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर त्याच्या दोन्ही शाखांचे लोक मला ईमेल करतील आणि दोघेही मला चूक ठरवतील.

तलवार बोथट असते, पण हे बसमधल्या माणसाला लांबून कसं कळणार? म्हणून काका ती मासे धरायच्या गळाच्या लांब पिशवीतून नेतात. पलीकडच्या घरातले इंग्रज आजोबा कित्येक वर्षं दर गुरुवारी कुंपणावरून विचारतात, "काय, लागलं का काही गळाला?" काका तितक्याच गंभीरपणे सांगतात, "आज नाही." नावं, गावं, कुळं याबाबत इतका काटेकोर असलेला माणूस या एका बाबतीत बिनदिक्कत थाप मारतो.

डॉक्टरांनी मला हालचाल वाढवायला सांगितली आणि जिममधलं संगीत मला सहन होत नाही, म्हणून चाळिशी उलटल्यावर मी काकांच्या वर्गात जायला लागले. वर्ग चर्चच्या हॉलमध्ये भरतो. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा, कोपऱ्यात प्लेग्रुपची प्लास्टिकची घसरगुंडी, आणि सगळीकडे फरशी पुसायच्या औषधाचा वास. पहिल्याच दिवशी माझे गुडघे बोलायला लागले, म्हणून मी डावीकडच्या दाराजवळच्या एका जुन्या लाकडी खुर्चीवर टेकले.

"तिथे नाही," काका म्हणाले. आवाज चढवला नव्हता, तरी मी ताडकन उठले.

ती खुर्ची काका स्वतः आतल्या खोलीतून आणून मांडत. बाकीची मांडामांड नंतर, खुर्ची आधी. तिच्यावर कोणी बसायचं नाही, पिशवी ठेवायची नाही, जॅकेट टाकायचं नाही. हॉलच्या कमिटीतल्या एक बाई एकदा म्हणाल्या, की खुर्ची फायर एक्झिटच्या वाटेत येते, हलवा. काकांनी त्यांच्याशी दोन देशांची सीमा ठरवावी तशी बोलणी केली. शेवटी खुर्ची वीतभर सरकली.

दुसरी गोष्ट नजरेची. प्रत्येक काताच्या शेवटी, तलवार म्यानात घालण्याआधी, काका क्षणभर मान वळवून डावीकडे बघत. मग म्यान. आम्हीही तसंच करायचो. "का बघायचं, काका?" मी विचारलं. "बघायचं," काका म्हणाले. "माझे सर बघायचे." एवढ्यावर कोणाचं समाधान होणार? मग वर्गातल्या लोकांनीच त्याचं शास्त्र उभं केलं. पहिला शत्रू पडला तरी दुसरा डावीकडून येतो, म्हणून योद्ध्याने सावध राहायचं. रोहन नावाच्या विद्यार्थ्याने तर त्यावर इंटरनेटवर लांबलचक लेख लिहिला. काकांनी तो वाचला आणि म्हणाले, "इंग्रजी छान आहे तुझं."

काकांचे सर म्हणजे मिस्टर विल्मॉट, भूगोलाचे शिक्षक. तरुणपणी काही वर्षं जपानात राहून ही विद्या शिकून आले आणि याच हॉलमध्ये शिकवायला लागले. त्यांना जाऊन बराच काळ झाला. वर्ग सुरू होताना काका आजही सगळी गुरुपरंपरा म्हणतात. लांबलचक जपानी नावं, एकामागून एक, संध्येतल्या चोवीस नावांसारखी धाडधाड. आणि शेवटी थांबून, स्वच्छ इंग्रजी उच्चारात, "विल्मॉट." त्यापुढे स्वतःचं नाव घेत नाहीत. तिथे वाकून नमस्कार करतात.

रोहन हा काकांचा सगळ्यात तयार चेला. आईवडील पुण्याचे, हा इथेच जन्मलेला, तिशीतला. एका उन्हाळ्यात तो जपानला मूळ घराण्यात शिकायला गेला आणि परत आला तो थेट हॉलवर. मी चटया घालत होते.

"काका, तिकडे कोणीच डावीकडे बघत नाही," तो म्हणाला. "मी केलो तर सगळे थांबले. कोणी काही बोललं नाही, दे आर व्हेरी पोलाइट. मग एक छोटी मुलगी हसला. इट वॉज सो एम्बॅरसिंग, काका. ते लुक आपल्या स्कूलचा नाहीच आहे. तुम्ही मला आधी का नाही सांगितली?"

"माझे सर बघायचे," काका म्हणाले.

"पण ते चूक होता ना! तुम्हीच सगळ्यांना विचारता, कुणाकडून, कुणाकडून. मग हे कुणाकडून आला, ते नको का बघायला?"

रागावले की काकांमधलं नागपूर बाहेर येतं. "काहून चूक? काल जाऊन आलास आणि मला शिकवतोस?"

रोहन खूप दुखावला होता, हे मला दिसत होतं. काकांना दिसलं नाही, की दिसूनही त्यांना काही सांगायचं नव्हतं, हे तेव्हा मला कळलं नाही. रोहनने मेडनहेडला स्वतःचा वर्ग काढला. त्याच्या वेबसाइटवर 'अस्सल' हा शब्द इतक्या वेळा होता की तूप विकतोय की तलवार शिकवतोय, कळेना. आमचे निम्मे लोक तिकडे गेले. काकांनी त्यानंतर रोहनचं नाव घेतलं नाही. ते फक्त 'मेडनहेड' म्हणत. "मेडनहेडला बरे दिवस आहेत म्हणे," असं.

मग बातमी आली की मूळ घराण्याच्या ज्येष्ठ शिक्षिका, मोरिताबाई, इंग्लंडला येणार आहेत. आमच्या भागातला एकच वर्ग त्या खरी शाखा म्हणून मान्य करणार होत्या. ज्या वर्गाला मान्यता मिळेल, तो सुरू करणाऱ्याचं नाव जपानात गुरुपरंपरेत घेतलं जाणार. दुसऱ्याने घराण्याची पाटी काढायची.

पाटीचं काकांना फार नव्हतं. त्यांचा जीव विल्मॉट या नावात अडकला होता. सरांना हयातीत तिकडून कधी मान्यता मिळाली नाही. परदेशी माणूस म्हणून कोणी विचारलंच नाही. "एकदा," काका मला म्हणाले, "एकदा तिकडे कोणीतरी ही सगळी नावं म्हणावीत आणि शेवटी विल्मॉट म्हणावं. मग मी मोकळा." हे सांगताना ते माझ्या अंगणातल्या गुलाबाकडे बघत होते आणि गुलाबाला तेव्हा एकही फूल नव्हतं.

रोहनचा मला फोन आला. "मीनलताई, तुम्ही काकांना सांगा ना. फक्त त्या दिवशी डावीकडे बघू नका. जस्ट वन डे. मी पण मोरिता-सानला सांगेन, काकांनाच द्या. ही डिझर्व्ज इट." पोरगा मनाने चांगला आहे. मी ते काकांना सांगितलं. ते "विचार करतो" म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायला लागलं, की काका मागच्या हिरवळीवर काता करताहेत आणि शेवटी मान वळवत नाहीत. सरळ म्यान. अगदी सफाईने. मी निश्चिंत झाले.

मोरिताबाई आल्या तो रविवार होता. काकांनी हॉलमध्ये शिरल्या शिरल्या आधी खुर्ची मांडली. 

मोरिताबाई लहानखुऱ्या, काकांच्याच वयाच्या. दाराशी बूट काढून जोडीने नीट लावून ठेवले आणि भिंतीशी गुडघ्यांवर बसल्या. आधी रोहनने काता केला. सुरेख, कुठे बोट ठेवायला जागा नाही. मग काका. बसले, तलवार निघाली, हवा कापली गेली. हात तेवढ्या वयाचा वाटत नव्हता. आता सरळ म्यान, मी मनात म्हणत होते, सरळ म्यान. आणि काकांनी मान वळवली. डावीकडे, त्या खुर्चीकडे. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग तलवार म्यानात गेली.

मोरिताबाई सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "ही शेवटची नजर तुम्ही कुणाकडून घेतलीत?"

अख्ख्या वॉटफर्डला हा प्रश्न विचारत फिरणाऱ्या माणसाला आज तो दुसरं कोणी शांतपणे विचारत होतं.

"मिस्टर विल्मॉटकडून."

"आणि त्यांनी?"

काका एखादं जपानी नाव घेऊ शकले असते. शंभर वर्षांपूर्वी वारलेला कोणीतरी गुरू, कोण तपासायला जाणार होतं? मी तर मनात दोनतीन नावं काढूनही ठेवली होती. काकांनी एकही घेतलं नाही.

"कुणाकडूनच नाही," ते म्हणाले. "ती त्यांच्यापासून सुरू झाली."

मग त्यांनी सांगितलं. विल्मॉट सरांच्या बायकोला, डॉरथीला, विसरायला व्हायला लागलं होतं. घरी एकटं ठेवता येईना, म्हणून सर तिला वर्गाला घेऊन येत आणि डावीकडच्या दाराजवळ बसवत. ती मध्येच उठून रस्त्यावर जायची. म्हणून सर प्रत्येक काताच्या शेवटी बघून घ्यायचे, आहे ना. आहे असं दिसलं की तलवार म्यानात. आधी नाही.

"आणि ती गेल्यावर?" हे रोहनने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"गेल्यावरही बघायचे. खुर्ची मांडायचे आणि बघायचे." काका म्हणाले, "ती होती तोवर ती गरज होती. ती गेल्यावर तो काता झाला."

 मोरिताबाईंनी बसल्या जागी वळून त्या रिकाम्या खुर्चीला नमस्कार केला, कपाळ जमिनीला टेकेपर्यंत. उठून काकांना म्हणाल्या, "हे सुंदर आहे. पण आमचं नाही."

"मला माहीत आहे," काका म्हणाले.

मान्यता मेडनहेडला गेली. रोहन काकांसमोर येऊन उभा राहिला. "काका, मला माहिती असता तर..."

"तू मला चूक की बरोबर ते विचारलंस," काका म्हणाले. आता आवाजात नागपूर नव्हतं. "कुणाकडून, ते शेवटी विचारलंस, पण तेही भांडायला. आणि मीही भांडलोच. जा, बाई थांबल्यात."

गाडीत मी भडकले. मला राग आला की मी गप्प बसू शकत नाही. "काका, हिरवळीवर तुम्ही बरोबर करत होतात, मी स्वतः बघितलं. एक दिवस मान आवरली असती तर सरांचं नाव लागलं असतं. तुम्हाला हेच हवं होतं ना?"

काका गुडघ्यांमध्ये गळाची पिशवी धरून बसले होते. रस्त्यातलं एक मोठं राउंडअबाउट गेलं, दुसरं गेलं.

"हिरवळीवर खुर्ची नव्हती," ते म्हणाले. "हॉलमध्ये ती होती. न बघता तलवार म्यानात घालवेना."

थोड्या वेळाने आपणहून बोलायला लागले. इंग्लंडला आल्या आल्या ते विल्मॉटांच्या घरी भाड्याने राहायचे. मग नोकरी लागली, स्वतःचं घर झालं, तरी दर गुरुवारी दोघांना हॉलवर न्यायला तेच जायचे. "डॉरथी दार उघडायची. मला ओळखायची नाही. मी तेव्हा चाळिशीतला बाप्या, टक्कल पडायला लागलेलं. आणि ती विचारायची, 'तू कुणाचा रे मुला?' काय सांगणार? आई गेली होती, बाबा गेले होते, नागपूरचं घर दुसऱ्याचं झालं होतं. खरंच सांगतो मीनल, मला उत्तर यायचं नाही. आणि तेवढ्यात आतून सर ओरडायचे, 'आपलाच आहे, डॉरथी.' दर गुरुवारी ती विचारायची. दर गुरुवारी ते सांगायचे. आपलाच आहे."

त्यांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला. "मला याहून दुसरं कूळ नाही. ते पुसून सरांचं नाव लावून घेऊ?"

माझे डोळे भरून आले. मी जोरात नाक ओढलं आणि पुढच्या एका निरपराध सायकलवाल्यावर हॉर्न वाजवला.

हॉलवरच्या पाटीवर आता घराण्याचं नाव नाही. 'तलवार, गुरुवारी संध्याकाळी' एवढंच आहे. माणसं मोजकी येतात. रोहन कधीकधी ऑफिस सुटल्यावर मेडनहेडहून येतो, आणि इथे डावीकडे बघतो, तिकडे बघत नाही. "दोन वेगळी स्कूल आहे, मीनलताई," म्हणतो. त्याचं व्याकरण काका सुधारतात आणि तो काकांसाठी समोसे आणतो. समोसे कुणाकडून शिकलेल्या माणसाचे, हे दर वेळी विचारलं जातं.

काकांच्या कमरेच्या सांध्याने मान टाकली आहे. ऑपरेशनसाठी नंबर लावलाय, तोवर गुडघ्यांवर बसणं बंद. सगळ्यात जुनी विद्यार्थिनी म्हणून पुढे मी उभी राहते. पहिल्या गुरुवारी मी आतून ती खुर्ची आणली, डावीकडच्या दाराजवळ मांडली आणि काकांना म्हटलं, "बसा."

"तिथे नाही," काका म्हणाले.

"मग घरी जा," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, आणि बसले. खुर्चीच्या लाकडी हातांवर हात ठेवले, ते जपून, हळू.

गुरूंची नावं आता मी म्हणते. विल्मॉटनंतर घारपुरे म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा खुर्चीतून नापसंतीचा खोकला आला. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

परवा एका नव्या मुलीने विचारलं, शेवटी डावीकडे का बघायचं? मी म्हटलं, "बघायचं. माझे सर बघतात." मग मी गुडघ्यांवर बसले, तलवार काढली, हवा कापली आणि मान वळवली. काका खुर्चीत होते. मांडीवर गळाची पिशवी, हनुवटी छातीवर, डोळे मिटलेले. मी बघत राहिले. स्वेटर वर गेला, खाली आला. मग मी तलवार म्यानात घातली.